ऑनलाइन सातबाऱ्यावर आमचं एक हेक्टर गायब. आधी काय करू?

सुरतकर_पारोळा: राम राम मंडळी. वडील वारले, वारस नोंदीसाठी महाभूलेख या सरकारी साइटवर जमिनीचा गट नंबर उघडला. घरातल्या हस्तलिखित उताऱ्यावर आमच्या नावापुढे 1.81 हेक्टर, ऑनलाइन 0.81. गटाचं एकूण क्षेत्रही तेवढंच कमी, म्हणजे बेरीज जुळते, म्हणून कुणाला खटकलं नसावं. आकार, म्हणजे शेतसारा, मात्र जुनाच, पैशासकट. महाभूनकाशावर आमचा आणि काकांचा मिळून एकच गट दिसतो, मधला बांध नाहीच. सुट्टी दोन दिवस, खर्च पाच हजारांच्या आत. एजंट धरू का?

कपाशी_शिंदखेडा: मनं आयका भाऊ, एजंटच धरा. आईच्या नावातल्या एका वेलांटीसाठी मी बारा हजार मोजले. गेले तर गेले, खेपा वाचल्या.

सुरतकर_पारोळा: पाच हजार म्हटलं होतं हो.

केळीबाग_रावेर: सरळ मोजणी करा! आमची रोव्हरने, म्हणजे उपग्रहावरून मोजणाऱ्या यंत्राने झाली, आठ एकर, जेवायच्या आत आटोपलं. मग ऐंशी हजार घालून तारेचं कुंपण केलं. शेजाऱ्याची केळीची एक ओळ आमच्यात निघाली, अजून बोलत नाही तो.

तापीकाठ: मोजणीचं इथे काय काम? चूक जमिनीत नाही, टंकताना झालीय. जमीन महसूल संहितेचं कलम 155 त्यासाठीच आहे. ई-हक्क या महसूल खात्याच्या पोर्टलवर घरबसल्या अर्ज होतो, आदेश तहसीलदारांचा. तहसीलच्या अभिलेख कक्षातून संगणकीकरणाआधीच्या सातबाऱ्याची प्रमाणित नक्कल काढा, ज्या फेरफाराने वडिलांचं नाव लागलं त्याचा नमुना 6, म्हणजे फेरफार नोंदवहीचा उतारा जोडा. क्षेत्र घटलं आणि आकार तोच राहिला, हे अर्जात पहिल्याच ओळीत लिहा. आणि मोफत उतारा नुसता बघण्यापुरता. डिजिटल सहीचा 15 रुपयांना मिळतो, त्यावरच्या 16 अंकी क्रमांकावरून बँकही खात्री करते.

काय_भो_जळगाव: तलाठी आप्पांना भेटा, चहा पाजा.

साक्रीकर: तलाठी नाही, आता ग्राम महसूल अधिकारी.

काय_भो_जळगाव: पाटी बदलली, दप्तर तेच ना भो?

साक्रीकर: शासन निर्णय वाचा आधी.

कपाशी_शिंदखेडा: ई-पीक पाहणीत माझ्या शेतात उभं राहून कपाशीचा फोटो काढला तरी ॲप म्हणे तुम्ही गटाबाहेर आहात. बायको बांधावरून हसत होती. हे नकाशे म्हणे!

तापीकाठ: विषय भरकटतोय.

अमळनेरचा_पोऱ्या: दादा, 155 चा अर्ज करा. ई-हक्कवर होतो.

केळीबाग_रावेर: हेच वर लिहिलंय रे. पण मोजणीशिवाय तो कागदच.

तापीकाठ: सामाईक गटात पोटहिस्सा मोजायला सगळ्या खातेदारांच्या सह्या लागतात. शिवाय अर्जाला सातबारा जोडणार कोणता, 0.81 वाला? वारस नोंद आणि 155 उरकल्याशिवाय मोजणीला हात लावू नका. वारस नोंदीलाच नोटिशीचे 15 दिवस जातात, दोन दिवसांच्या सुट्टीत काही बसत नाही.

साक्रीकर: सहमत.

अमळनेरचा_पोऱ्या: मी पण हेच म्हटलं होतं.

सुरतकर_पारोळा: सगळ्यांचे आभार, तापीकाठभाऊंचे जास्त. नक्कल काढायला दिलीय. पण मोजणीचा अर्ज आधीच टाकतोय, हस्तलिखित उतारा जोडून. परत पाठवला तर पाठवला. रात्री काकांशी बोललो. 80 वर्षांचे आहेत, म्हणाले, "आखाजीला ये, बांध मी दाखवतो, सही पण देतो." पोरं मागून काहीतरी बोलत होती, तर त्यांनी फोन घेऊन ओट्यावर जाऊन सांगितलं. 155 नंतरही होईल.

तापीकाठ: अर्ज परत येईल.

केळीबाग_रावेर: रोव्हरवालेच मागा.