स्वतःच्या कथेचे पुनर्लेखन: कथा सुधारते की निवते?

मूळ लेख

पहिल्या खर्ड्यात जे उतरते तेच लेखकाचे खरे, त्यानंतरची काटछाट केवळ लोक काय म्हणतील या भीतीपोटी होते, असे मत एका ज्येष्ठ स्नेह्यांनी नुकतेच माझ्याजवळ मांडले. मला ते मान्य नाही.

तीन वर्षांपूर्वी मी एक कथा लिहिली. दोन भाऊ जमिनीच्या कागदांवर म्हाताऱ्या आईची सही घ्यायला गावी येतात, एवढाच तिचा विषय. चौदा पाने झाली होती आणि पहिली तीन पाने पाऊस, पडवी आणि परसातला फणस यांतच गेली होती. दोन महिने ती कथा मी उघडली नाही. नंतर वाचली तेव्हा लक्षात आले की, आई चष्मा शोधू लागते तिथे, म्हणजे चौथ्या पानावर, कथा सुरू होते. आधीची पाने मला त्या घरात शिरण्यासाठी हवी होती, वाचकाला त्यांची गरज नव्हती. पुढे आई म्हणते, "चष्मा सापडत नाही रे," आणि त्याखाली मी लिहिले होते, "तिला सही करायची नव्हती." हे दुसरे वाक्य म्हणजे माझा वाचकावरचा अविश्वास होता. सर्वांत मोठा धक्का मात्र वेगळाच होता. धाकट्याची नोकरी सुटली आहे, हे मी लिहिले आहे अशी माझी खात्री होती, पण चौदा पानांत ते कुठेही नव्हते. कथा ताजी असताना लेखक कागदावरचे वाचत नाही, मनातले वाचतो. म्हणून मधला काळ जाऊ देणे हा संपादनाचाच भाग आहे, असे मी मानतो.

आता मी जुन्या फाइलमध्ये दुरुस्त्या करत नाही. छापील प्रत शेजारी ठेवून संपूर्ण कथा पुन्हा टंकतो, कारण जे वाक्य पुन्हा टंकायचा कंटाळा येतो ते बहुधा नकोच असते. त्यानंतर मोठ्याने वाचतो. मराठी निवेदनात एकामागून एक वाक्ये 'होता', 'होती', 'होते' यांवर संपू लागली की डोळ्यांना ते खुपत नाही, कानाला लगेच खुपते.

प्रतिसाद १

आपल्या कथेतल्या धाकट्या भावाचे उदाहरण पटले, परंतु निष्कर्ष पटला नाही. मी सिंधुदुर्गातली आहे. माझ्या एका कथेतली आजी पहिल्या खर्ड्यात "माका खंय म्हायत?" असे म्हणत होती. सहा वेळा पुनर्लेखन करताना सर्वांना कळावे म्हणून मी एकेक शब्द घासत गेले आणि अखेरीस तीच आजी "मला काय ठाऊक?" असे म्हणू लागली. वाक्य निर्दोष झाले, पण आजी घरातून निघून गेली. पहिला खर्डा लिहिताना आपण पात्राचे ऐकत असतो, सहावा लिहिताना परीक्षकाचे ऐकतो. तो परीक्षक कोण, त्याची भाषा कोणती, हे विचारल्याशिवाय पुनर्लेखनाची शिफारस करू नये.

प्रतिसाद २

हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. 'सत्यकथा' या साहित्यिक मासिकाच्या काळात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक लेखकाशी कथेविषयी सविस्तर बोलत, पत्रे लिहीत आणि कथा पुन्हा लिहून मागत. ते मासिक 1982 साली बंद झाले. आज दिवाळी अंकाच्या संपादकाकडे एकेका कथेवर तेवढा वेळ घालवण्याची सवड क्वचितच असते. पुष्कळदा केवळ मुद्रितशोधन होते. जे काम दुसरा जाणता माणूस करत असे, ते आता लेखकाने स्वतःच शिकायला हवे. हा आवडीनिवडीचा प्रश्न उरलेला नाही.

प्रतिसाद १

त्याच 'सत्यकथे'च्या अंकाची तरुण लेखकांनी 1969 साली जाहीर होळी केली होती, हेही सांगायला हवे. साक्षेपी संपादनातून उत्तम कथा आल्या हे मी नाकारत नाही, परंतु घडीव कथेचा एकच साचा प्रतिष्ठित होतो आणि त्यात न बसणारी भाषा दाराबाहेर राहते, ही लघुनियतकालिके, म्हणजे प्रस्थापित मासिकांना पर्याय म्हणून स्वतःची छोटी नियतकालिके, काढणाऱ्या पिढीची तक्रार खोटी नव्हती. संपादक गेला तरी तो साचा लेखकाच्या मनात शिल्लक राहतो.

प्रतिसाद ३

अमेरिकी कथाकार रेमंड कार्व्हर यांचे उदाहरण दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल. 1981 साली आलेल्या त्यांच्या संग्रहाच्या हस्तलिखितातला निम्म्याहून अधिक मजकूर संपादक गॉर्डन लिश यांनी कापला होता. वाढदिवसाला मोटारीची धडक बसलेल्या मुलाची कथा त्यात मध्येच, जीवघेण्या अनिश्चिततेत थांबते. कार्व्हर यांनी तीच कथा 1983 च्या संग्रहात विस्तृत रूपात छापली आणि तिथे वाढदिवसाचा केक बनवणारा केकवाला त्या आईवडिलांना बसवून ताजा पाव खाऊ घालतो. मला ही दुसरी कथा अधिक मोठी वाटते. काटछाट म्हणजे सुधारणा, हे समीकरण इथे कोसळते.

मूळ लेखक

कार्व्हर यांचे उदाहरण मी स्वीकारतो, पण ती कात्री दुसऱ्याची होती. स्वतः कार्व्हर एका कथेचे दहा-बाराहून कमी खर्डे करत नसत. कधी कधी ते वीस-तीसांवर जात, असे त्यांनीच मुलाखतीत सांगितले आहे. म्हणजे पुनर्लेखनावर त्यांचा अविश्वास नव्हता.

आजीबाबत मात्र प्रतिसाद १ यांनी माझी चूक दाखवली आहे. मी मोठ्याने वाचतो ते माझ्या पुणेरी उच्चारांत. मालवणी वाक्य माझ्या कानाला खुपले, तर दोष वाक्याचा नसून कानाचा असेल. निवेदन आणि संवाद यांना एकच कसोटी लावू नये, ही दुरुस्ती मी माझ्या पद्धतीत करतो. तरीही एक विचारतो: सहाव्या खर्ड्यात आजीची भाषा गेली, पण कथेत दुसरे काही आलेही असेल ना?

प्रतिसाद १

आले, हे प्रामाणिकपणे सांगते. पहिल्या खर्ड्यात आजी मरते आणि सगळे रडतात. चौथ्यात ती मरत नाही, फक्त विहिरीवर जाणे थांबवते. तो शेवट मला पहिल्या बैठकीत सुचला नसता. काल रात्री दोन्ही प्रती समोर घेऊन बसले होते. शेवट चौथ्यातला ठेवणार आहे. आजीचे बोलणे शब्दन् शब्द पहिल्यातले घेणार आहे, आणि ते पुन्हा टंकणार नाही.