इरॉसच्या इमारतीत मूळचं किती उरलंय?

ओव्हलकाठ: मुंबईत चर्चगेटच्या वास्तुफेरीसाठी इरॉस या जुन्या सिनेमा थिएटरवर एक पान लिहितोय. दर्शनी भागातला तांबडा पट्टा दगडाचा की रंगाचा? आणि २०२४ मध्ये तिथे आयमॅक्स (भव्य पडद्याचं थिएटर) आल्यावर जुनं काय राहिलं? फेरीला वास्तुकलेचे विद्यार्थी येतात, त्यामुळे दुरुस्तीबद्दलही लिहा.

चुनखडी: दगडच आहे, आग्र्याचा लाल वालुकाश्म. पण तो काही भागावर लावलेलं आवरण आहे. सांगाडा आरसीसीचा (आत सळया असलेल्या काँक्रीटचा), उरलेल्या गिलाव्यावर क्रीम रंग.

काम १९३५ मध्ये सुरू झालं, थिएटर १० फेब्रुवारी १९३८ ला उघडलं. वास्तुकार शोराबजी भेदवार. मालक शियावक्स कंबाटा, म्हणून इमारत कंबाटा बिल्डिंग. इरॉस हे तिच्यातलं थिएटर. दुकानं आणि कचेऱ्याही तिथेच. हे पानाच्या पहिल्याच ओळीत येऊ द्या. २०२३ मध्ये परांची दिसल्याबरोबर ‘इरॉस पाडताहेत’ अशी आवई उठली होती. पाडकाम आतल्या भागापुरतं होतं.

मुलांना स्टेशनच्या बाजूला, कोपऱ्यासमोर उभं करा. दोन बाजू तिथे येऊन मिळतात आणि मधला भाग टप्प्याटप्प्याने निमुळता होत वर जातो. सगळ्या इमारतीची रचना त्या एका जागेवरून कळते.

पडदा७०: प्रेक्षागृह मात्र पूर्ण बदललं. पूर्वी १२०४ खुर्च्या होत्या, आता तीनशेच्या आसपास. आयमॅक्सचा पडदा जवळजवळ भिंतभर असतो आणि रांगांना तीव्र चढ लागतो, त्यामुळे जुन्या स्टॉल-बाल्कनीच्या मांडणीत तो बसत नाही. १९३८ चा फॉयर (प्रवेशदालन) काळ्या-पांढऱ्या संगमरवराचा, सोनेरी छटांचा. जिन्यांचे कठडे क्रोमियमचे. जुने फोटो सोबत ठेवा आणि जागेवर ताडून दाखवा.

सळई१२: दुरुस्तीचं लिहितो. समुद्राजवळच्या त्या काळच्या आरसीसीचा खरा शत्रू क्षार. सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. आधी हातोडीने टकटक करून पोकळ वाजणारी जागा खडूने आखा. ताज्या तुटलेल्या पृष्ठभागावर फिनॉल्फथॅलीन हे रसायन शिंपडा: गुलाबी झालं तर सळईला गंजापासून वाचवणारी काँक्रीटची अल्कता शाबूत, रंग आला नाही तर गेलेली. क्षार मात्र यात कळत नाहीत, त्याची चाचणी वेगळी.

मग सळईच्या मागे सुमारे २० मिमीपर्यंत खोदून गंज पूर्ण साफ करा, गंजरोधक लावा आणि पॉलिमर मॉर्टरने (पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्याने) भरा. नुसता वरून सिमेंटचा लेप दिला तर सळई आत गंजतच राहते, आणि दोन-चार पावसाळ्यांत त्याच जागेच्या कडेला नवी भेग येते.

चुनखडी: वालुकाश्मावर मात्र सिमेंट आणि प्लास्टिक पेंट दोन्ही नकोत. ओल बाहेर पडायला वाट उरत नाही, मीठ पापुद्र्याखाली साचतं आणि दगडाचा चेहराच गळून पडतो. सांधे चुन्यानेच भरा.