कॅम्पिंग ट्रेलर घेऊन साताऱ्यातल्या तलावांकाठी आठ दिवस: घाट कसे, मुक्काम कुठे?

प्रश्न: मिरजकर

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आठ दिवस सांगलीहून निघायचं ठरतंय. एका आसाचा छोटा कॅम्पिंग ट्रेलर आहे, सामानासकट 750 किलो, जोडणीला 50 मिलीमीटरचा बॉल, ओव्हररन ब्रेक (ट्रेलर गाडीवर रेटला की आपोआप लागणारा). ओढायला डिझेल एसयूव्ही. धोम, कण्हेर, कास, बामणोली, तापोळा असा क्रम मनात आहे. धावपळ नको, निवांत राहायचंय. घाटात ट्रेलर न्यावा का? पाण्यापर्यंत उतरवता येतो का? आणि 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी पुरेल का?

घाटवाट

निवांत राहायचं असेल तर पाच ठिकाणं नकोत, दोनच तळ करा. ट्रेलर सोडणं, समतल करणं, त्याचे आधाराचे पाय टेकवणं यात तास जातो आणि उठताना पुन्हा तेवढाच. धोमला चार रात्री, कण्हेरला तीन. वाईहून धोमचा रस्ता कृष्णेच्या कडेने जातो, वाटेत घाट नाही. फक्त मेणवलीकडच्या गल्लीत ट्रेलर घालू नका, वळायला जागा मिळत नाही. कण्हेर साताऱ्याहून मेढ्याच्या रस्त्याला जवळच आहे.

कास आणि बामणोली नुसत्या गाडीने करा. यवतेश्वराचा घाट चढून पठार सुमारे 1200 मीटरवर, आणि तिथून शिवसागराकडे, म्हणजे कोयनेच्या जलाशयाकडे, पाचएकशे मीटर खाली उतरायचं. अरुंद वळणावर समोर एसटी आली की ट्रेलर मागे घ्यावा लागतो. ओव्हररन ब्रेक मागे घेताना आपोआप लागतो, चढावर तर जास्तच. तुमच्या कपलिंगला रिव्हर्स लॉक (मागे घेताना ब्रेक लागू न देणारा) आहे का, की ब्रेक स्वतःच सुटणारा आहे, ते घरीच बघून घ्या. तापोळ्यालाही महाबळेश्वरावरून उताराचंच दुखणं आहे. वासोटा किल्ल्याला जायचं तर बामणोलीतून वनखात्याचा परवाना आणि लाँच घ्या. तो अभयारण्याचा भाग आहे, संध्याकाळच्या आत परतावं लागतं.

सांगलीहून पेठ नाक्यापर्यंतचा टप्पा दिवसाउजेडीच काढा. उसाचा हंगाम असतो, दोन-दोन ट्रॉल्यांना मागचे दिवे नसतात.

बॉलकपलिंग

निघण्याआधी पुढच्या टोकाचं वजन मोजा. ट्रेलर सपाट जागी ठेवा, कपलिंगखाली बॉलच्या उंचीचा लाकडी ठोकळा घाला आणि त्याखाली माणसं तोलायचा वजनकाटा. 750 किलोला 60 ते 75 किलो आलं पाहिजे. गाडीच्या पुस्तकात याहून कमी मर्यादा असेल तर तीच पाळा. वजन कमी भरलं तर हायवेवर शेपूट डोलायला लागते. मग लोक ब्रेक दाबतात आणि ट्रेलर आडवा होतो. तसं झालं तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, ब्रेकला हात लावू नका. मुळात 80 च्या वर जाऊच नका.

पाण्याची टाकी रिकामी न्या. 60 लिटर म्हणजे 60 किलो, आणि टाकी आसाच्या मागे असेल तर पुढचं वजन हलकं होतं. पाणी वाईत भरा. सुरक्षेची साखळी कपलिंगखालून फुलीत बांधा, म्हणजे कपलिंग सुटलं तर तोंड रस्त्यावर न आपटता साखळीवर पडेल. पन्नास किलोमीटर झाल्यावर थांबून दोन्ही चाकांचे हब हाताने तपासा. एक दुसऱ्यापेक्षा गरम असेल तर त्या बाजूचं बेअरिंग नाहीतर ब्रेक अडकलाय. नटही तेव्हाच पुन्हा आवळा.

तरीही कधी घाट उतरायचाच झाला तर माथ्यावरच दुसरा गिअर टाका, मध्यावर नाही. ब्रेक अधूनमधून ठाम दाबा आणि सोडा. पाय टेकवून ठेवला की ड्रम तापतो, वास येतो, पेडल सैल पडतं. तसं झालं तर बाजूला घ्या, चाकांना दगड लावा, गरम ड्रमवर पाणी ओतू नका. निघताना ते दगड उचलून कडेला टाका. रात्री त्यावर दुचाकीवाला पडतो, कृपा करून हे विसरू नका.

गाळपेर

काठावर उतरण्याबद्दल. दिवाळीला धरणं भरलेली असतात, पाणी गवताला टेकलेलं असतं. जागा अरुंद, पण वरचा मुरूम पक्का, म्हणजे मुक्कामाला हाच काळ चांगला. मार्चनंतर पाणी मागे हटतं आणि मोकळं मैदान दिसतं, ते फसवं. वर वाळलेली खपली, खाली ओला गाळ. लोखंडी पहार उभी धरून नुसत्या वजनाने दाबा. वीतभर सहज आत गेली तर तिथे चाक घालायचं नाही. शिवाय त्या जमिनीत गाळपेर होते, कुणाचं तरी हरभऱ्याचं रान असतं.

बुडीत क्षेत्र पाटबंधारे खात्याचं. धरणाच्या भिंतीजवळ मुक्काम नाहीच. सगळ्यांत सोपं, काठच्या गावात विचारून कुणाच्या पडीक रानात पैसे देऊन राहा. भिंतीच्या खालच्या अंगाला कृष्णेच्या पात्रात मात्र तंबू नको, शेतीसाठी पाणी सोडलं की पातळी चढते.

फसलाच तर चाक फिरवत बसू नका, आस टेकेल. ट्रेलर सोडा, गाडी पक्क्या जमिनीवर न्या, चाकापुढे पाचट किंवा पोती अंथरा, ट्रेलरची हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवा आणि दोराने सावकाश ओढा. रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरा.

मिरजकर

मनापासून आभार. दोन तळ नक्की, तापोळा रद्द. बॅटरीचं राहिलं.

घाटवाट

100 अँपिअर-अवर म्हणजे साधारण सव्वा युनिट. 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला अर्धा युनिट घेतो, दिवे-पंखा-मोबाईल आणखी पाव. 200 वॅटचं सोलर पॅनेल नोव्हेंबरात निरभ्र दिवशी पाऊण युनिट सहज देतं, त्यामुळे जमेल. पण धोमला आजूबाजूला डोंगर आहेत, ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. छतावर सपाट टाकण्यापेक्षा पॅनेल जमिनीवर, तोंड दक्षिणेला, 30 अंशांनी तिरकं ठेवा.

गॅस 5 किलोचा, बाहेरच्या कप्प्यात. त्या कप्प्याच्या तळाला भोक हवंच, कारण गळलेला गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. थंडी वाजते म्हणून दार बंद करून शेगडी पेटवू नका.