अकरा-बारा वर्षांच्या मुलांमधून अमेरिकन फुटबॉलचे गुणी खेळाडू कसे हेरावेत?

मैदानवेडा (प्रश्न)

नमस्कार. मी अमेरिकेत राहतो आणि मुलाच्या निमित्ताने गेली तीन वर्षे येथील एका युवा फुटबॉल लीगमध्ये सहायक प्रशिक्षक म्हणून विनामोबदला काम करतो. यंदा ११-१२ वर्षांच्या गटातील एक संघ प्रथमच पूर्णपणे माझ्याकडे सोपवण्यात आला आहे. हंगामापूर्वी एका शनिवारी सगळ्या मुलांची चाचणी होते. प्रत्येकाच्या पाठीवर क्रमांक चिकटवलेला असतो, आम्ही प्रशिक्षक हातात तक्ते घेऊन कडेला उभे राहतो आणि दोन दिवसांनी ड्राफ्टमध्ये पाळीपाळीने एकेक मूल निवडून संघ भरतो.

आजवर आम्ही उंची, वजन आणि ४० यार्डांची धाव एवढेच पाहत आलो. गेल्या वर्षी आमची पहिली निवड होती तो मुलगा बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच होता. पहिले तीन सामने त्याने एकहाती जिंकून दिले, पण चौथ्या सामन्यात त्याच्याच चणीचा प्रतिस्पर्धी समोर आला तेव्हा त्याच्याकडे ताकदीखेरीज काहीच शिकलेले नव्हते, आणि तो दोष त्याचा नसून आमचा होता. याउलट, ज्या लहानखुऱ्या मुलाला आम्ही शेवटच्या फेरीपर्यंत हात लावला नाही, तो दुसऱ्या संघात लाइनबॅकर (बचावाच्या पहिल्या रांगेमागे उभा राहून अडवणारा) म्हणून इतका उत्तम खेळला की त्याच्याविरुद्ध आमचा एकही रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) मधून निघू शकला नाही. ही चूक मला पुन्हा करायची नाही. दोन तासांच्या चाचणीत नेमके काय पाहावे, आणि या वयात पुढचा अंदाज बांधणे मुळात कितपत योग्य आहे?

शिट्टी

मी हायस्कूलमध्ये बरीच वर्षे लाइनमन, म्हणजे अगदी पुढच्या रांगेत समोरासमोर भिडणाऱ्या, मुलांना शिकवले आहे, त्यामुळे माझे लक्ष आपोआप पायांकडे जाते, हे आधीच सांगतो.

चाचणीला मुले एकदा पळतात, एकदा चेंडू झेलतात आणि रांगेत परत जातात. माझ्या मते खरी माहिती दुसऱ्या खेपेत असते. पहिल्या खेपेनंतर मुलाला एकच सूचना द्या, उदाहरणार्थ ‘चेंडू छातीशी घेऊ नकोस, हात पुढे काढून बोटांनी झेल’, आणि मग पाहा. ज्याने दुसऱ्या खेपेत चेंडू सोडला, पण हात मात्र पुढे काढले होते, त्याच्या क्रमांकापुढे मी खूण करतो. ज्याने छातीवर आदळवून का होईना चेंडू पकडला, पण सूचना कानांआड केली, त्याच्यापेक्षा हा मुलगा हंगामाच्या अखेरीस बराच पुढे गेलेला असतो. सूचना आणि कृती यांच्यातले हे अंतर किती लवकर मिटते, ते स्टॉपवॉच दाखवत नाही.

लाइनवर खेळू शकणारा मुलगा हेरायचा असेल तर त्याला नुसते तीन बिंदूंवर, म्हणजे दोन पाय आणि एक हात टेकवून, बसायला सांगा. काही मुले कमरेतून वाकतात, त्यांचे गुडघे सरळच राहतात आणि सगळा भार हातावर येतो. काही मुले गुडघे व नितंब वाकवून खाली बसतात, पाठ सपाट राहते आणि हात उचलला तरी तोल जात नाही. हा दुसरा मुलगा आज ८५ पौंडांचा असला तरी त्याला ब्लॉक करायला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवायला, शिकवता येईल. स्नॅपनंतर, म्हणजे चेंडू मागे देऊन खेळ सुरू झाल्यावर, धक्का बसला की पाय थांबतात की चालूच राहतात, हेही येथेच कळते. आपण उल्लेख केलेल्या लाइनबॅकरचे पाय थांबत नसणार, अशी माझी अटकळ आहे.

मागे सरकत बचाव करणाऱ्या मुलांच्या बाबतीत वळणे पाहा. कॉर्नरबॅक (चेंडू झेलणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला अडवणारा) होऊ शकणारा मुलगा पाठमोरा धावताना कंबर एका झटक्यात फिरवतो, तर इतर मुले आधी थांबतात, मग उभी होतात आणि मग वळतात. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची फेक किती लांब जाते याला या वयात फारसा अर्थ नाही, कारण हात लहान आणि चेंडू मोठा असतो. फेकताना पुढचा पाय लक्ष्याकडे पडतो का, आणि आपला रिसीव्हर (चेंडू झेलणारा) अडवला गेला आहे हे त्याला फेकण्यापूर्वी दिसते का, एवढे पाहणे पुरेसे आहे.

आणखी एक गोष्ट आहे, जी तक्त्यात नसते. आपली पाळी नसताना मुलगा काय करतो, ते पाहा. रांगेत उभा राहून पुढच्याचे ड्रिल निरखणारा मुलगा बहुधा स्वतःच्या पाळीला सांगितल्याबरोबर बरोबर करतो.

ईशान्य

वरील प्रतिसाद मला पटतो, पण वेगाला इतके दुय्यम स्थान देणे मला मान्य नाही. पवित्रा शिकवता येतो, हात पुढे काढणेही शिकवता येते, मात्र जन्मजात चपळाई शिकवून येत नाही. दोष वेग मोजण्यात नसून तो कसा मोजला जातो यात आहे. हातातल्या घड्याळाने घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेपेक्षा साधारण दोन दशांश सेकंदांनी कमी भरते, आणि अकरा वर्षांच्या मुलांमध्ये पहिल्या व चौथ्या क्रमांकांतले अंतर कित्येकदा तेवढेच असते. शिवाय चाळीस यार्ड सरळ आणि मोकळे पळण्याची संधी सामन्यात क्वचितच येते. त्याऐवजी पहिल्या १० यार्डांची वेळ घ्या, आणि एका बाजूला ५, उलट १० आणि परत ५ यार्ड अशी शटल धाव लावा. प्रत्येकाला दोन संधी द्या, दोन घड्याळे लावा आणि दोघांचीही सरासरी लिहा. इतके केले तर आकडा खोटे सांगत नाही.

अस्थिबंध

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि वाढत्या वयाच्या खेळाडूंबरोबर काम करते. आपल्या दोघांच्या म्हणण्यात एक मुद्दा राहून गेला आहे, आणि माझ्या दृष्टीने मूळ प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

मुलांमध्ये उंची वाढण्याचा सर्वांत मोठा झपाटा सरासरीने साडेतेरा-चौदाव्या वर्षी येतो, पण काहींना तो बाराव्या वर्षीच येतो आणि काहींना पंधरावे उजाडावे लागते. त्यामुळे जन्मतारखेने एकाच गटात बसणाऱ्या दोन बारा वर्षांच्या मुलांच्या शरीराच्या वयात तीन-चार वर्षांचे अंतर असू शकते. तुमचा तो वीतभर उंच मुलगा कदाचित असामान्य नव्हता, तो फक्त लवकर वयात आला होता. अशी मुले बरोबरच्यांनी त्यांना गाठल्यावर खचतात, कारण ताकदीच्या जोरावर जिंकताना तंत्र शिकण्याची गरजच त्यांना कधी भासलेली नसते. उशिरा वाढणारी मुले मात्र टिकून राहण्यासाठी अंदाज, वळणे आणि तोल यांचा आधार घ्यायला लवकर शिकतात. दुर्दैवाने त्यांतली बरीच मुले वाढीचा झपाटा येण्याआधीच खेळ सोडून देतात.

वेगाच्या बाबतीतही हेच खरे आहे. झपाट्याच्या काळात हातपाय धडाआधी लांब होतात, स्नायूंची ताकद काही महिन्यांनी मागून येते आणि मधल्या काळात काल चपळ असलेला मुलगा आज अडखळू लागतो. त्या दिवशी घेतलेली १० यार्डांची वेळ घड्याळाच्या दृष्टीने अचूक असेल, पण ती त्या मुलाबद्दल फारसे काही सांगत नाही. म्हणून तक्त्यात शेवटचा एक रकाना ठेवा: गेल्या वर्षभरात उंची किती वाढली, बूट किती वेळा बदलावे लागले. पालकांना हे तोंडी विचारता येते आणि ते आनंदाने सांगतात. टाचेच्या किंवा गुडघ्याखालच्या हाडाच्या दुखण्याचीही चौकशी करा, कारण त्या मुलाला ड्रिलमध्ये आळशी ठरवण्यापूर्वी त्याचे पाय दुखत आहेत का, हे माहीत असायला हवे.

मैदानवेडा

तिघांचेही मनापासून आभार. बुटांचा रकाना मी आजच तक्त्यात घातला. आणखी दोन गोष्टी विचारतो. आमच्याकडचे काही पालक बाराव्या वर्षीच मुलांच्या चित्रफिती बनवून पैसे भरून भरवल्या जाणाऱ्या शिबिरांत क्रमवारीसाठी नेतात आणि ‘तुम्ही आमच्या मुलाचे नाव पुढे करा’ असा आग्रह धरतात. त्यांना काय सांगावे? दुसरे असे की, एक मुलगा फ्लॅग फुटबॉलमधून (त्यात पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढतात) येतो आहे. धावतो सुंदर, पण टॅकलच्या, म्हणजे समोरच्याला धरून पाडण्याच्या, ड्रिलमध्ये शेवटच्या क्षणी डोळे मिटतो. अशा मुलाला निवडावे का?

दोन_मुलांचा_बाबा

पहिल्या प्रश्नाला मी उत्तर देतो, कारण माझा थोरला मुलगा या वाटेने कॉलेजपर्यंत गेला आहे.

अमेरिकेत सुमारे १० लाख मुले हायस्कूल फुटबॉल खेळतात आणि त्यांपैकी साधारण ७ टक्केच पुढे एनसीएएच्या (कॉलेजांचे खेळ चालवणारी संस्था) कोणत्या तरी विभागात, म्हणजे डिव्हिजनमध्ये, खेळतात. त्यातही डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती मिळतच नाही. बाराव्या वर्षाच्या क्रमवारीचा या सगळ्याशी कसलाही संबंध नाही, कारण कॉलेजचे प्रशिक्षक हायस्कूलच्या संघातला खेळ पाहतात. आणि त्यांचेही अंदाज चुकतात. पुढे व्यावसायिक खेळाडू झालेला जे. जे. वॉट हायस्कूलमधून निघाला तेव्हा खेळाडूंच्या मानांकनात त्याला पाचपैकी दोनच तारे होते. एका विद्यापीठात तो टाइट एंड (अडवणे आणि झेलणे दोन्ही करणारा) म्हणून खेळला, मग शिष्यवृत्ती सोडून विस्कॉन्सिनच्या संघात आला आणि एनएफएल या व्यावसायिक लीगच्या २०११ च्या ड्राफ्टमध्ये अकरावा निवडला गेला. क्वार्टरबॅक जॉश ॲलनला हायस्कूलनंतर एकाही मोठ्या विद्यापीठाने बोलावले नाही. रीडली कॉलेजात एक वर्ष खेळून त्याने शेकडो प्रशिक्षकांना ईमेल पाठवले, तेव्हा कोठे वायोमिंगमध्ये जागा मिळाली, आणि २०१८ मध्ये तो एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये सातवा होता.

पालकांनी पैसे आणि धाक खर्च करायचाच असेल तर तो अभ्यासावर करावा. डिव्हिजन १ साठी हायस्कूलमधले १६ ठरावीक विषय आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ गुणांची सरासरी लागते, शिवाय त्यांतले दहा विषय शेवटच्या वर्षाआधी पूर्ण व्हावे लागतात. चांगले खेळणारी काही मुले येथे अडकलेली मी जवळून पाहिली आहेत आणि त्यांचे मला फार वाईट वाटते, कारण नववीत कोणी एवढे सांगितले असते तर ते टळले असते. काही राज्यांत पालक मुलाला आठवीला मुद्दाम एक वर्ष मागे ठेवतात, म्हणजे तो वर्गात मोठा दिसतो. मी त्या बाजूला गेलो नाही आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

शिट्टी

डोळे मिटणाऱ्या मुलाला मी नक्की निवडेन. डोळे मिटणे हा भित्रेपणा नाही, डोके कुठे ठेवायचे हे माहीत नसल्याचे ते लक्षण आहे. डोके मध्ये येणार असे वाटले की कोणीही डोळे मिटेल. त्याला आधी गुडघ्यांवर बसवून गादीवर टॅकल करू द्या: डोके समोरच्याच्या शरीराच्या बाजूला, खांदा मांडीवर, दोन्ही हातांनी मांड्या आवळायच्या आणि नजर वर. मग उभ्याने चालत, मग अर्ध्या वेगाने. सिॲटल सीहॉक्सचे तत्कालीन प्रशिक्षक पीट कॅरोल यांनी २०१४ मध्ये रग्बीतून घेतलेली ही खांद्याची पद्धत चित्रफितीतून समजावून दिली होती, ती मुलांना एकदा दाखवा. पॉप वॉर्नर या युवा फुटबॉल संस्थेने २०१६ मध्ये सर्वांत लहान गटांतून किकऑफ (लांब लाथाडून चेंडू प्रतिस्पर्ध्याला देणे) काढून टाकला आणि सरावातली धडकाधडकी मर्यादित केली, तेव्हा पूर्ण वेगाच्या टॅकलची घाई आपणही करू नये. फ्लॅगमधून आलेल्या मुलाला अंतर मोजून योग्य कोनातून जवळ जाणे आधीच जमते, आणि टॅकलचा निम्म्याहून अधिक भाग तोच आहे.

तक्त्यात त्याच्यापुढे ‘घाबरतो’ असे लिहू नका, ‘टॅकल अजून शिकवलेला नाही’ असे लिहा, कारण ड्राफ्टच्या रात्री बाकीचे प्रशिक्षकही तो कागद वाचतील. सरावाच्या दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी हेच ड्रिल पुन्हा घ्या आणि तारखेसह नोंद करा. तोवर डोळे उघडे राहिले की नाही, ते येथे जरूर कळवा.