पुण्यातून लांज्याच्या वाडीत कायमचं राहायला जाताना : घर, विहीर, वीज, कागद

सोनटक्का

रत्नागिरी जिल्ह्यात लांजा तालुक्यातल्या एका वाडीत आजेसासऱ्यांचं कौलारू घर आहे. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, जोतं धरून ९०० चौरस फूट, मागे १२ गुंठ्यांचं परसू, विहीर १० फूट व्यासाची. गेली आठ वर्षं घर फक्त शिमगा आणि गणपतीला उघडतं. पुढच्या वर्षी चौघं कायमचे जायचं म्हणतोय : आम्ही दोघं, सहावीतली मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. दोघांचंही काम लॅपटॉपवर, घरून. पुण्यातलं ३२,००० भाडं वाचेल आणि त्यातून घर नीट होईल, असा हिशोब मांडलाय. तो कुठे चुकतोय? हवा छान, शांतता छान हे ठाऊक आहे, त्यावर कृपया लिहू नका.

पागोळी

हिशोब चुकतोय तो पहिल्या वर्षात. वाचणारं भाडं महिन्याला थोडं थोडं येतं, घराचा खर्च मात्र मार्च ते मे या तीन महिन्यांत एकदम करावा लागतो. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर छपराला हात लावता येत नाही.

आधी विहीर. कोकणात ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरीही मे महिन्यात टँकर लागतो, कारण जांभा, म्हणजे इथला लाल सच्छिद्र खडक, पाणी धरून ठेवत नाही, उतारावरून सोडून देतो. गणपतीत तुडुंब भरलेली विहीर बघून काहीच कळत नाही. एप्रिलच्या शेवटी जा, दोरीला दगड बांधून पातळी मोजा, संध्याकाळी पंपाने निम्मं पाणी उपसा, पुन्हा मोजा आणि बारा तासांनी परत मोजा. तुमच्या विहिरीत १० सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळपास ७०० लिटर. रात्रीत ४० सेंटिमीटर भरून आलं तर २८०० लिटर झाले, चौघांना आणि परसवाला पुरून उरतील. ५ सेंटिमीटरच आलं तर ३५०, आणि चौघांना काटकसरीने ४०० लागतात. तीच मापं मेच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा घ्या, खरी परीक्षा तेव्हाच.

तूट निघाली तर बोअरच्या आधी छपराचा विचार करा. वळचण धरून १०० चौरस मीटर छप्पर असेल तर १ मिलिमीटर पावसाला १०० लिटर. म्हणजे पाण्याला तोटा नाही, साठवायला जागा लागते. रोज २०० लिटरची तूट ६० दिवस भरायची तर १२,००० लिटरची टाकी. फेरोसिमेंटची (तारेच्या जाळीवर सिमेंट थापलेली) बांधली तर पुरते. पहिल्या दोन-तीन सरी टाकीत घेऊ नका, कौलांवरचं शेवाळ आणि पक्ष्यांची घाण त्यात येते. पन्हळीला ११० मिलिमीटरचा पाइप लावा. ७५ चा पानांनी चोंदतो आणि नेमका मुसळधार पावसात पन्हळीवरून पाणी भिंतीवर उतरतं.

पंपाबद्दल एकच : काठावर बसवलेला मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला) साधारण ७ मीटरपेक्षा खालचं पाणी ओढू शकत नाही. ऑक्टोबरात सुरळीत चालतो, एप्रिलमध्ये हवा घेतो आणि सगळे फूट व्हॉल्व्हला (पाइपच्या तळाच्या झडपेला) दोष देतात. पाणी खोल जात असेल तर विहिरीत सोडायचा ओपनवेल सबमर्सिबल घ्या आणि ड्राय रन संरक्षण असलेला (पाणी संपलं की पंप बंद करणारा) स्टार्टर लावा.

आता छप्पर. कौलं दिसतात तशी महाग नाहीत, खाली वाळवी लागलेली असते ते महाग. वासा (छपराचं उतरतं लाकूड) भिंतीवर टेकतो तिथे आणि आढ्याला, म्हणजे माथ्यावरच्या आडव्या लाकडाला, मिळतो तिथे हातोडीने ठोका. बद्द आवाज आला की स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा. अर्ध्या इंचाहून आत गेला तर तो वासा बदलायचा, रंग लावून भागत नाही. मंगलोरी कौल चौरस मीटरला १५ च्या आसपास लागतं आणि ओलं झाल्यावर छप्पर बरंच जड होतं, तो भार कुजक्या वाशांवर येतो. शाकारणी एप्रिलमध्ये करून घ्या : सगळी कौलं उतरवून खोबणीतलं शेवाळ ब्रशने काढायचं. खोबण भरली की पाणी उलटं आत फिरतं, आणि माणसं फुटलेलं कौल शोधत बसतात. जास्तीची शंभर कौलं त्याच छापाची घेऊन ठेवा. दुसऱ्या कारखान्याच्या कौलाची खोबण जुळत नाही, आणि वानरांची टोळी छपरावरून गेली की पाच-दहा फुटलीच.

जुन्या घराला चिकटून स्लॅबचं संडास-बाथरूम सगळे बांधतात. कौल आणि स्लॅब मिळतात तो सांधा दुसऱ्या पावसाळ्यात गळतोच. चार फूट अंतर सोडा, मधे पडवीसारखं छप्पर घाला. शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर आणि उताराच्या खालच्या बाजूला असू द्या. जांभ्याच्या भेगांमधून सांडपाणी फार झटकन लांब जातं.

सातबारा

छपरावर पैसे घालण्याआधी कागद बघा. आजेसासऱ्यांच्या नावावर असेल तर सातबाऱ्यावर आज किती नावं आहेत? लांजा-राजापूरकडे वीस-पंचवीस नावं निघणं नवीन नाही, त्यातले निम्मे मुंबईत आणि काही वारलेले. क्रमाने :

वारस नोंद करून घ्या. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र. फेरफार (हक्क बदलल्याची नोंद) घातला की नोटिशीची मुदत असते, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. 'इतर हक्क' रकाना शेवटच्या ओळीपर्यंत वाचा : कुळ, बोजा, वनाची नोंद तिथे असते. जमीन भोगवटादार वर्ग २ (सरकारी अटींवर धारण केलेली) असेल तर विक्री-हस्तांतराला परवानगी लागते.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे मालकीचा कागद नव्हे. घरपट्टी कोण भरतो एवढंच तो सांगतो. "आम्ही तीस वर्षं घरपट्टी भरतोय" यावर भावकी गप्प बसत नाही.

सगळे सहहिस्सेदार तयार असतील तर महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप होतं. एक जण जरी अडला तर दिवाणी कोर्ट. तोवर किमान सगळ्यांची लेखी संमती घ्या की हे घर तुम्ही दुरुस्त करून राहताय. सामाईक जमिनीवर बँक दुरुस्तीचं कर्ज सहसा देत नाही, तेव्हा ती रक्कमही हाताशीच हवी.

सोनटक्का

नावं १४ आहेत. विहीर या एप्रिलमध्ये मोजते. वीज जाते तेव्हा कामाचं काय करायचं? इन्व्हर्टर किती मोठा घेऊ? सोलर?

अर्थिंगवाला

आधी वॅट मोजा. दोन लॅपटॉप १२०, राउटर १०, बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे दोन मिळून ६०, दिवे ३० : झाले २२० वॅट. १५० एएचची (अँपिअर-तासांची) १२ व्होल्टची एक बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, हातात येतात हजार-अकराशे. पाच तास चालेल. जून-जुलैत वाऱ्याने फांदी तारेवर पडली की वीज दिवसभर जाऊ शकते, तेव्हा दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा इन्व्हर्टर घ्या. साधा पंखा ७५ वॅट खातो, पंखे बदलणं तिसऱ्या बॅटरीपेक्षा स्वस्त. सोलर उन्हाळ्यात उत्तम, पण नेमकी वीज जाते त्या महिन्यांत आभाळ भरलेलं. त्याच्या भरवशावर नोकरी करू नका.

पंप इन्व्हर्टरवर चालवायचा नाही. वरची टाकी १००० लिटरची ठेवा आणि वीज असेल तेव्हा भरा. पंपाला व्होल्टेज १७०-१८० मिळत असेल तर मोटर गुणगुणते, फिरत नाही, आणि वायंडिंग जळतं. मल्टिमीटरने संध्याकाळी सात वाजता मोजा, दुपारी नको.

अर्थिंग हा कोकणातला दुर्लक्षित विषय. कोरडा जांभा वीज धड वाहत नाही, त्यामुळे अंगणात ठोकलेली दोन फुटी सळई फक्त दिसायला. खड्डा अडीच-तीन मीटर खोल हवा आणि न्हाणीचं सांडपाणी जिरतं तिथे जवळ घ्या, म्हणजे मेमध्येही ओल राहते. इलेक्ट्रिशियनला मीटर लावून दाखवायला सांगा, ५ ओहमच्या खाली यायला हवं. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि सर्ज अरेस्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा). तरीही मेच्या वळवाच्या आणि ऑक्टोबरातल्या गडगडाटात राउटरची पिन काढून ठेवायचीच.

इंटरनेट : फायबर खांबांवरून येतं आणि झाडाबरोबर तुटतं. दुसऱ्या कंपनीचं सिम घातलेला ४जी राउटर ठेवा, अँटेना छपराच्या वर. मात्र टॉवरची बॅटरीही काही तासांनी संपते, तेव्हा फोनचा आणि राउटरचा टॉवर एकाच फीडरवर (वीजवाहिनीवर) असतील तर दोन्ही एकदम जातात. जुलैतले आठ दिवस तिथे राहून काम करून बघा. मे महिन्यातली चाचणी धरू नका.

गडग्यापलीकडे

घराचं झालं. माणसांचं थोडं.

७१ वर्षांच्या बाई म्हणजे दवाखान्याचं अंतर किलोमीटरने नाही, रात्री दोन वाजता लागणाऱ्या मिनिटांनी मोजा. प्राथमिक आरोग्य केंद्र, लांज्याचं ग्रामीण रुग्णालय आणि रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय, तिन्ही एकदा पावसात गाडीने करून बघा. चिऱ्यांच्या गडग्यात (दगडी कुंपणात) आणि सड्यावर (कातळाच्या माळावर) फुरसं हा विषारी साप असतो. संध्याकाळी अंगणात बॅटरी आणि पायात बंद चप्पल. सर्पदंशावरचं औषध कुठे ठेवलेलं असतं ते आधीच विचारून ठेवा. दंश झाला तर आवळून बांधणं, चिरा देणं काही नाही, हातपाय न हलवता १०८ ला फोन.

मुलगी सहावीत म्हणजे प्रश्न पुढच्या वर्षाचा नाही, आठवीचा. वाडीतली शाळा बहुधा सातवीपर्यंत, पुढे माध्यमिक शाळेला एसटी. ती गाडी सकाळी किती वाजता येते आणि पावसात रद्द होते का, हे स्टँडवर विचारा. अकरावी-बारावी सायन्सला लांजा किंवा रत्नागिरीच. म्हणजे चार-पाच वर्षांनी पुन्हा भाड्याची खोली निघते, ती आजच हिशोबात धरा.

१२ गुंठ्यांतून उत्पन्न धरू नका, पण स्वयंपाकघर बऱ्यापैकी भागतं. नारळ साडेसात मीटरवर लावले तर वीसेक झाडं बसतात, बाणवली जात सहा-सात वर्षांनी धरते. मधे केळ, खोडावर मिरीचा वेल. मिरीला वानरं हात लावत नाहीत, केळीला नक्की लावतात. भाजी जाळीच्या आतच. गडी आयत्या वेळी मिळत नाही. शाकारणीचा माणूस फेब्रुवारीत सांगून ठेवा, मेमध्ये त्याला अर्धी वाडी बोलावत असते.

आणि वर्गणी : पालखी, देऊळ, सार्वजनिक विहिरीचा गाळ. रक्कम छोटी असते, पण चाकरमानी म्हणून दोन दिवस येणं वेगळं आणि गावकीत बारमाही घर असणं वेगळं. गाळ काढायला वाडी जमते तेव्हा नुसते पैसे देऊन चालत नाही, घरातलं एक माणूस घमेलं धरायला लागतं. रात्री दोनला गाडीपर्यंत सासूबाईंची खुर्ची उचलायला येतात ते हेच लोक.

सोनटक्का

या एप्रिलमध्ये विहीर आणि वासे, जुलैत आठ दिवस मुक्काम, तोवर १४ सह्या. पुण्याचं घर पुढच्या मेपर्यंत सोडत नाही. पागोळी, पातळी मोजायला जाईन तेव्हा आधी किती दिवस पंप बंद ठेवायचा?

पागोळी

दोन दिवस पूर्ण बंद. आणि शेजारची विहीर त्या दिवसांत उपसली जात नाही ना, हे विचारून घ्या, नाहीतर माप तिच्यामुळे कमी दिसेल.