प्रति: साठीनंतर माउंटन बाइक

साठीनंतर माउंटन बाइक चालवताना गुडघ्यांसाठी चढ टाळा, हा या चर्चेतला सल्ला मला पटत नाही. मागे 51 दात्यांचं मोठं चक्र आणि पुढे 32 चं असेल, तर पायडलच्या एका फेरीत चाक पाऊण फेरीसुद्धा फिरत नाही. पुण्यातल्या वेताळ टेकडीचा मुरमाड चढही दम खात, बसल्या बसल्या पार होतो. गुडघ्याला त्रास होतो तो जड गिअर रेटल्याने.

इथे कुणी हातांबद्दल बोललंच नाही, आणि माझ्या वयाच्या माणसाला खरी अडचण उतारावर तिथेच येते. बोटं आखडतात, पकड सुटते, मग भीती वाटते. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकच्या बहुतेक लिव्हरना एक बारीक स्क्रू असतो (काहींना ॲलन की, म्हणजे षटकोनी चावी लागते, काहींना हातानेच फिरणारी घुंडी). तो फिरवून लिव्हर हँडलबारच्या जवळ आणता येते. शिवाय ब्रेकचा क्लॅम्प (लिव्हर हँडलबारला धरून ठेवणारी पकड) सैल करून थोडा आत, मधल्या बाजूला सरकवा, म्हणजे तर्जनी लिव्हरच्या टोकाच्या वळणात बसते. टोकाशी दाबलं की जोर कमी लागतो. एकाच बोटाने ब्रेक लागतो आणि उरलेली बोटं मुठीवर घट्ट राहतात. हा बदल केल्यापासून मी उतारांचा खरोखर आनंद घेतोय, खाली पोचल्यावर हात थरथरत नाहीत. मात्र लिव्हर जवळ आणल्यावर ब्रेक पूर्ण दाबून बघा, ती हँडलबारला टेकता कामा नये. टेकत असेल तर आधी ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढून घ्या.