वारं फिरलं की क्रॅपी मासे गायब? डॅलसकडच्या मंडळींनो सल्ला द्या

काठावरचा_गळ:
मंडळी, डॅलसच्या उत्तरेला राहतो, लेक लुइसव्हिल आणि रे रॉबर्ट्स हे दोन्ही तलाव जवळच. दक्षिणेचं वारं होतं तोवर काठावरून मस्त क्रॅपी लागत होते, मग थंड हवेचा फ्रंट आला, वारं उत्तरेचं झालं आणि त्याच जागी त्याच मिनोवर (आमिषाचे छोटे मासे) काहीच नाही. बोट नाहीये. आता जागा बदलू की आमिष?

लेकफोर्ककर:
आधी जागा, मग खोली, आमिष शेवटी. दक्षिणेचं वारं एक-दोन दिवस लागून राहिलं की वरचं कोमट पाणी आणि प्लँक्टन उत्तरेच्या काठाला ढकललं जातं, त्याच्यामागे शॅड नावाचे छोटे मासे येतात आणि शॅडच्या मागे क्रॅपी. त्यात मार्च-एप्रिल म्हणजे अंडी घालायचा सीझन, पाणी साठ-पासष्ट फॅरनहाइटच्या आसपास गेलं की मासा तसाही उथळ पाण्यात येतो. फ्रंट आला की वारं उलटं, आकाश निळंशार, हवेचं प्रेशर चढलेलं आणि काठाचं पाणी गार. पण मासा काही तलाव ओलांडून पळत नाही हो, जवळच जिथे तळ एकदम खोल होतो तिथे सरकतो नाहीतर बुडालेल्या झाडाच्या फांद्यांत घुसून बसतो. म्हणून काठ सोडा, पूल किंवा डॉक (बोटींचा धक्का) गाठा.

जिगवाली_ताई:
+१ पुलाला. खांबाला अगदी चिकटून टाका, दोन फूट लांब पडलं तरी मासा येत नाही, फ्रंटनंतर आळशी असतो. स्लिप बॉबर (दोरीवर सरकणारा तरंगा) लावून दर थोड्या वेळाने खोली बदलत राहा, आणि आमिष माशाच्या जरा वरच ठेवा, क्रॅपी वर बघून खातो, खाली क्वचित येतो. वाऱ्याने दोरीला पोट येतं आणि हलकी जिग (वजन लावलेला गळ) तरंगत जाते, तेव्हा सोळांशऐवजी अष्टमांश औंसाची घ्या. आणि झटका मारू नका प्लीज, त्याचं तोंड कागदासारखं पातळ असतं, फाटून मासा सुटतो.

गढूळ_पाणी:
मला ही दिशेची भानगड जरा जास्तच वाटते. मी पाण्याचा रंग बघतो. वारं ज्या काठावर आपटतं तिथे माती ढवळते आणि पार चहा झाला की क्रॅपीला दिसत नाही, पण गढूळ आणि स्वच्छ पाणी भेटतं ती रेघ असते ना, तिच्या स्वच्छ बाजूला टाकून बघा. आणि कयाक घ्यायचा विचार असेल तर लेक विंड अ‍ॅडव्हायझरी (तलावावरच्या जोराच्या वाऱ्याचा इशारा) असताना जाऊ नका, रे रॉबर्ट्सवर उत्तरेच्या वाऱ्यात चांगल्या लाटा उठतात, मासे काय पळून चाललेत का.

काठावरचा_गळ:
भारी माहिती, धन्यवाद! शुक्रवारी परत एक फ्रंट येतोय, मग पुलाखाली शनिवारी जाऊ? बायकोने रवा-मसाला काढून ठेवलाय 😄 आणि किती ठेवता येतात?

लेकफोर्ककर:
लायसन्स आहे ना? तुमच्या दोन्ही तलावांवर दिवसाला २५, काळा आणि पांढरा अशा दोन्ही जातींचे क्रॅपी धरून, आणि १० इंचाखालचा परत सोडायचा. फ्रंट शुक्रवारी येतोय म्हणताय तर शनिवार सर्वात वाईट, वारं परत दक्षिणेचं होऊन एखाद दिवस जाऊ दे. नाहीतर गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातून लवकर सटका, फ्रंटच्या आधी प्रेशर उतरत असतं तेव्हा मासा अधाशासारखा खातो.

जिगवाली_ताई:
गुरुवारच. मिनो जास्त घ्या.